दोन गुंठे मुरमाड जागेत शाळेची परसबाग : कुठून सुरुवात करावी?

सिन्नरी_गुरुजी

नमस्कार मंडळी. शाळा द्विशिक्षकी, पहिली ते पाचवी, पट ६२. गाव सिन्नरच्या पूर्व भागातलं, पाऊस बेताचाच. इमारतीला लागून उत्तरेकडे दोन गुंठे जागा मोकळी आहे, पण वरपासून मुरूम. पाणी ग्रामपंचायतीच्या नळाला, दिवसाआड तासभर.

शाळा व्यवस्थापन समितीने परसबागेचा ठराव केला आहे. समितीचं म्हणणं, दोन्ही गुंठे लावू आणि पोषण आहाराला रोजची भाजी बागेतूनच देऊ. माझा रोख वेगळा आहे. गणित, परिसर अभ्यास आणि भाषा यातलं जेवढं बागेत शिकवता येईल तेवढं शिकवायचं आहे. नुसता फलक लावून फोटो काढण्यापुरती बाग नको.

जागा किती घ्यावी, मुरमात काय करावं, दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीचं गणित कसं बसवावं, आणि एका वेळी इतकी मुलं बागेत कशी सांभाळावी? माहीतगारांनी तपशिलात सांगावं ही विनंती.

वाफा_वरंबा

गुरुजी, पाण्यापासून सुरू करा, म्हणजे जागेचा प्रश्न आपोआप सुटेल. थंडीत भाजीच्या वाफ्याला दर चौरस मीटरला रोज ४-५ लिटर पाणी लागतं, एप्रिलमध्ये ७-८ लिटर. दोन गुंठे म्हणजे जवळपास २०० चौरस मीटर. थंडीतसुद्धा रोज हजार लिटर! दिवसाआड तासभर येणाऱ्या नळावर ते होणार नाही. शाळांच्या बागा वाळतात त्या बहुतेक याच हिशेबापायी.

आता उलट बाजूने बघा. २०० लिटरचा एक ड्रम भरून ठेवला आणि तो दोन दिवस पुरवायचा, म्हणजे रोजचे ८० ते १०० लिटर हाताशी. तेवढ्यात १६ चौरस मीटर भिजतं. ३ मीटर लांब आणि ९० सेंटीमीटर रुंद असे सहा वाफे झाले. माझ्या मते तुमच्या शाळेला सहा वाफे पुरेत, आणि पहिल्या पावसाळ्यात तर तीनच करा. उरलेल्या जागेत कडेने झाडं लावता येतील.

रुंदी ९० सेंटीमीटरच्या वर नेऊ नका. पाचवीच्या मुलाचा हात बसल्या जागेवरून जेमतेम ४५ सेंटीमीटर आत पोचतो. वाफा त्याहून रुंद झाला की मुलं आत पाय देतात, माती दबते आणि तिथलं बी उगवत नाही. पहिली-दुसरीसाठी एक वाफा ७५ सेंटीमीटरचाच ठेवा. दोन वाफ्यांत किमान ४५ सेंटीमीटरची वाट सोडा.

जागा इमारतीच्या उत्तरेला आहे, हे नीट लक्षात घ्या. डिसेंबरात आपल्याकडे दुपारी बारालासुद्धा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि भिंतीची सावली जवळजवळ भिंतीच्या उंचीइतकी पडते. भिंत ४ मीटर असेल तर पहिले ४ मीटर थंडीभर सावलीतच. भाजीला ५-६ तास ऊन लागतं. म्हणून वाफे भिंतीपासून ५ मीटर सोडून आखा. सावलीच्या पट्ट्यात कंपोस्टचा हौद आणि अवजारांची पेटी ठेवा.

मुरूम खणून त्याची माती करण्याच्या नादी लागू नका. वर २० सेंटीमीटर उंचीचे गादीवाफे घ्या. पण भरणी करण्याआधी खालचा मुरूम टिकावाने १५ सेंटीमीटर तरी सैल करा. ही पायरी वगळली तर खाली टणक तळ राहतो, पावसाचं पाणी वाफ्यातच साठतं आणि मुळं कुजतात. वरून पानं पिवळी दिसतात, आपण समजतो खत कमी पडलं आणि आणखी पाणी घालतो.

भरणीचा हिशेब असा : एका वाफ्याला ३ × ०.९ × ०.२ म्हणजे ०.५४ घनमीटर. सहा वाफ्यांना सव्वातीन घनमीटरच्या आसपास, म्हणजे सव्वा ब्रासच्या आतबाहेर. त्यात दोन भाग पोयट्याची माती आणि एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. पहिल्या दोन-तीन जोरदार पावसांत भरणी ३-४ सेंटीमीटर बसते, तेव्हा थोडी माती राखून ठेवा. कडेला दगड लावणार असाल तर ते मातीच्या गाऱ्यात पक्के बसवा. सुट्या दगडांखाली विंचू घर करतात.

शेणखत कुजलंय का, हे मुलांकडूनच तपासून घ्या. एका कुंडीत निम्मं खत, निम्मी माती आणि दुसरीत नुसती माती घेऊन दोन्हींत वीस-वीस मेथीदाणे पेरा. आठवड्याने दोन्हीकडची रोपं मोजा. खताच्या कुंडीत उगवण बरीच कमी असेल किंवा कोंबांची टोकं करपलेली असतील तर खत अजून कच्चं आहे. ते महिनाभर ओलं करून झाकून ठेवा.

सिन्नरी_गुरुजी

पाण्याचा हिशेब समितीपुढे असाच्या असा मांडतो. पण मग रोजच्या भाजीचं काय? आणि मुलं हात धुतात, ताटं विसळतात, ते पाणी बागेला चालेल का?

वाफा_वरंबा

भाजीचंही गणितच मांडा. पोषण आहाराच्या निकषाप्रमाणे पहिली ते पाचवीला दर मुलामागे ५० ग्रॅम भाजी धरतात (सहावी ते आठवीला ७५). ६२ मुलांना रोज ३.१ किलो. मेथीचं उत्पन्न चौरस मीटरला किलोभर धरलं, तर सहाही वाफे एकदम मेथीचे लावूनसुद्धा महिन्याकाठी १६ किलो, म्हणजे पाच दिवसांची भाजी. समितीला 'आठवड्यातून एकदा बागेची भाजी' एवढाच शब्द द्या, तो पाळता येतो. शब्द मोठा दिला की मुलांचे वाफे काढून तिथे नुसता पालक लावायची वेळ येते आणि शिकवणं बाजूला पडतं.

हात धुतलेलं साबणाचं पाणी केळी आणि अळवाला द्या. मोरीच्या तोंडाशी खड्डा घेऊन तळाला खडी, वर जाड वाळू भरा आणि त्याच्या पुढे केळीचे तीन कंद लावा. पालेभाजीला ते पाणी नको. ताटं विसळलेल्या पाण्यात तेल, मीठ आणि शितं असतात. खड्ड्याचं तोंड चार दिवसांत तुंबतं, वास येतो, उंदीर येतात. शितं गाळायला बादलीवर जाळी लावली तरच ते पाणी खड्ड्यात सोडा.

पाटीपेन्सिल

शिकवण्याच्या बाजूने लिहिते. गुरुजी, पीक ठरवताना 'यातून पाठ कोणता निघतो' हे आधी विचारा.

भेंडीचा वाफा घ्या. दोन ओळींत ४५ सेंटीमीटर, दोन रोपांत ३०. तीन मीटरच्या ओळीत किती रोपं बसतील? वर्गात विचारलं तर सगळे ३०० भागिले ३० करून १० सांगतील. वाफ्यावर सुतळी ताणून पहिली काडी अगदी टोकाला रोवायला लावा, ११ काड्या बसतात. मग पहिली काडी टोकापासून १५ सेंटीमीटर आत घ्यायला सांगा, बरोबर १० बसतात. भागाकार चुकलेला नसतो, फरक अंतरं मोजली की टोकं मोजली याचा असतो. चौथीच्या मुलांना हे फळ्यावर समजावणं फार अवघड जातं. सुतळीवर मुलं आपसांत भांडून स्वतःच उत्तर काढतात, त्यांना भांडू द्या.

मेथीला ओळी वाफ्याच्या रुंदीतून आडव्या पाडा, दर १५ सेंटीमीटरला एक. तीन मीटरमध्ये वीस ओळी होतात. एका मुलाला एक ओळ, तिच्या टोकाला नावाची काडी. वाफा 'सगळ्यांचा' ठेवला की त्याकडे कोणी बघत नाही, ओळ स्वतःची असली की रोज बघितली जाते. एका वाफ्याला १५ ते २० ग्रॅम मेथी पुरते आणि ती किराणा दुकानातली चालते.

पेरण्याआधी उगवण चाचणी करा. ओल्या कापडात वीस दाणे गुंडाळून ठेवा, पाच दिवसांनी मोजा. १७ उगवले तर ८५ टक्के. पाचवीला शेकडेवारी इथूनच सुरू करता येईल.

पेरणीत मुलांची ठरलेली चूक म्हणजे अख्खं बोट मातीत खुपसून बी टाकणं. बियाच्या जाडीच्या दोन-तीन पट खोली पुरते. मेथी एक सेंटीमीटर, भेंडी दोन, राजगिरा तर नुसता भुरभुरून वर चिमूटभर माती. काडीवर खोलीची खूण करून द्या आणि बोटाऐवजी काडीच वापरायला लावा. दुसरी चूक, उगवलं का ते बघायला माती उकरणं. यावर रागावून काही होत नाही, बघायची सोय करून द्यावी लागते. काचेच्या ग्लासात आतून ओला टीपकागद लावून काच आणि कागद यांच्यामध्ये चवळीचे चार दाणे ठेवा आणि ग्लास वर्गाच्या खिडकीत ठेवा. मूळ आधी खाली, मग कोंब वर, हे सगळं रोज दिसतं. ग्लास आडवा केला तर दोन दिवसांत मूळ पुन्हा खाली वळतं. हे मुलांनी चित्रासकट वहीत उतरवावं.

सगळ्यात जास्त रोपं मरतात ती पाण्याने. ६२ मुलं प्रेमाने तांब्या-तांब्या घालतात आणि रोपं बुडाशी सडून आडवी पडतात. रोज एकाच गटाला पाणी द्यायची पाळी असू द्या. आधी बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालायचं, ओल लागली तर पाणी द्यायचं नाही, पण 'आज दिलं नाही' असं नोंदवायचं. झारी लहान मुलांना दोन लिटरची, मोठ्यांना पाचची. दहा लिटरची भरली तर दहा किलोची होते, ती त्यांना देऊ नका.

पर्जन्यमापक जरूर करा. सरळ कडांची प्लॅस्टिकची बाटली घ्यायची, वरचा भाग कापून गाळण्यासारखा उलटा बसवायचा, तळ उंचसखल असतो म्हणून तिथपर्यंत खडे आणि पाणी भरून तिथे शून्याची खूण करायची, बाहेरून पट्टी चिकटवायची. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर. १० मिलिमीटर पडला की २.७ चौरस मीटरच्या वाफ्याला २७ लिटर मिळाले आणि त्या दिवशीचं ड्रमचं पाणी वाचलं. शून्य पावसाचे दिवसही लिहायचे, तरच आलेखाला अर्थ राहतो.

मुलं कशी सांभाळायची? आठवड्यातून दोन तासिका, ४०-४० मिनिटांच्या. निम्मी मुलं वाफ्यावर, निम्मी सावलीत वही घेऊन मोजमाप आणि चित्र, वीस मिनिटांनी अदलाबदल. दुसरीच्या मुलासोबत पाचवीचं मूल जोडीला द्या. द्विशिक्षकी शाळेत वर्ग एकत्र असण्याचा इथे फायदाच होतो.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. बागकाम शिक्षा म्हणून कधीही देऊ नका. गृहपाठ केला नाही म्हणून खुरपायला बसवलं की मातीचं काम म्हणजे कमीपणाचं काम, हे मूल आयुष्यभरासाठी शिकतं. मुली पाणी घालणार आणि मुलगे खणणार, ठरावीक मुलंच शेण कालवणार, अशा वाटण्याही होऊ देऊ नका. हजेरीच्या क्रमांकाने कामं फिरवा आणि पाळीचा तक्ता भिंतीवर लावा. पालकांनी 'पोरांना मजुरी करायला लावता का' असं विचारलं तर हा तक्ता आणि मुलांच्या वह्याच दाखवा.

बीजराखण

वरच्या दोघांनी बरंच सांगितलंय. माझे मुद्दे बियाणं आणि सुरक्षिततेचे.

पाकिटातलं बियाणं गुलाबी, निळं किंवा हिरवं रंगवलेलं दिसलं तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. लहान मुलं बी हाताळतात आणि तोच हात तोंडात घालतात. शाळेत असं बियाणं मुलांच्या हाती देऊच नका. मेथी, धने, मोहरी, चवळी, राजगिरा घरातले उगवतात. धने आधी हलक्या हाताने रगडून दोन फाकी करा आणि रात्रभर भिजवा. अख्खे पेरले तर उगवण विरळ होते.

भेंडी, चवळी, वाल, गवार यांचं बियाणं गावातून आणा. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना देशी वाण जपल्याबद्दल २०२० चा पद्मश्री जाहीर झाला, तशा बिया राखणाऱ्या आज्या तुमच्याही गावात असतील. त्यांना शाळेत बोलावून मुलांना प्रश्न विचारायला लावा : हा वाल कधी पेरता, बी कशात ठेवता, कीड लागू नये म्हणून काय करता. भाषेचा तास त्यात झाला. वाल-चवळीचं बी पुढच्या वर्षी जवळपास तसंच येतं. भोपळा, दोडका, काकडी यांच्यात परागकण इकडचे तिकडे होतात, त्यामुळे शेजारी दुसरा वाण असेल तर बी राखून उपयोग नाही. संकरित बियाण्याचंही बी राखू नका.

मावा दिसला की लगेच फवारा मारू नका. आधी भिंगातून बघायला लावा. त्याच पानावर बहुधा ढालकिड्याच्या (लेडीबर्ड) अळ्या मावा खात असतात. फारच वाढला तर निंबोळी अर्क : ५०० ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या आठ-नऊ लिटर पाण्यात रात्रभर भिजवून दुहेरी कापडाने गाळा, २० ग्रॅम साबण वेगळा विरघळवून त्यात मिसळा आणि एकूण १० लिटर करा. त्याच दिवशी वापरून संपवायचा. फवारणी शिक्षकांनी शनिवारी शाळा सुटल्यावर करायची, मुलं आसपास नकोत. नीट गाळला नाही तर पंपाचं नोझल तुंबतं.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या तर तो विषाणूजन्य केवडा. पांढरी माशी तो पसरवते आणि त्यावर औषध नाही. झाड उपटून लांब पुरायचं. मुलांना वाईट वाटतं, पण रोग कसा पसरतो ते याहून चांगलं कुठे दिसणार?

ताजं शेण किंवा जीवामृत (शेण-गोमूत्र आंबवून केलेलं पातळ खत) कोथिंबीर-मुळ्यासारख्या कच्च्या खायच्या पिकांवर नको. काम झालं की साबणाने हात आणि नखं धुतल्याशिवाय वर्गात येऊ देऊ नका. कुंपणाला कण्हेर आणि रुई टाळा : कण्हेर विषारी, रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते. सागरगोटा काटेरी आणि चांगला, पण दाट व्हायला दोन वर्षं लागतात, तोवर चार फुटी जाळी लावा. जाळीच्या बुडाशी दगडांची ओळ नसेल तर कोंबड्या खालून शिरतात आणि एका दुपारीत सगळी मेथी उकरतात. पावसाळ्यात वाफ्यावर जाण्याआधी मोठ्याने काठी आपटून फेरी मारायची, आणि पायांत पादत्राणं हवीतच.

सिन्नरी_गुरुजी

फार उपयोगी. आता सुट्ट्यांचं तेवढं सांगा. आणि आच्छादन करावं का? काहीजण म्हणतात त्याने वाळवी लागते.

वाफा_वरंबा

जून-जुलैत भेंडी, गवार, चवळी आणि माठ लावा. भेंडी जूनअखेर पेरली की ४५-५० दिवसांनी तोडा सुरू होतो आणि दिवाळीच्या सुट्टीआधी झाड थकलेलं असतं. सुट्टीआधीच्या आठवड्यात शेंगा वाळवून बी काढून घ्या आणि वाफे रिकामे करा. मेथी आणि कोथिंबीर भर पावसात सडतात, ती दिवाळीनंतर. सुट्टी संपली की मेथी, पालक, मुळा, गाजर थेट वाफ्यात, आणि टोमॅटोचं रोप वाफ्यात न टाकता खोक्यात टाका. ते २५-३० दिवसांनी लावलं की फेब्रुवारीअखेरपासून फळं येतात आणि एप्रिलच्या परीक्षेपर्यंत संपतात. मेथी २५-३० दिवसांत, मुळा ४०-४५ दिवसांत निघतो. दर पंधरा दिवसांनी एक वाफा पेरलात तर कुठल्याही आठवड्यात एक वाफा उगवणीचा, एक वाढीचा आणि एक काढणीचा असा मुलांसमोर असतो.

उन्हाळ्यात भाजी जगवायचा अट्टहास नको. एप्रिलअखेर वाफे साफ करून भरपूर भिजवा, वर पातळ पारदर्शक प्लॅस्टिक ताणा आणि चारही कडा मातीत दाबा. सहा आठवड्यांत उन्हाने तणाचं बी आणि रोगाची बुरशी बरीच मरते. काळं प्लॅस्टिक घेतलं किंवा कडा उघड्या राहिल्या तर माती तेवढी तापत नाही.

कडेच्या लिंबू-कढीपत्त्यासाठी मडकी पुरा. ७-८ लिटरचं, रंग न दिलेलं मडकं बुंध्यापासून फूटभर लांब गळ्यापर्यंत पुरून वर झाकण ठेवायचं. ४-५ दिवसांतून एकदा भरलं तरी चालतं, म्हणजे मे महिन्यात शेजारच्या एखाद्या घराला सांगता येतं. क्षारांच्या पाण्याने दोनेक वर्षांत मडक्याची छिद्रं बुजतात, मग मडकं बदला. शेवगा लावाल तर मुलं बसतात त्या जागेपासून लांब. पावसाळ्यात त्यावर केसाळ सुरवंट येतात आणि अंगावर पडले की खाज सुटते.

आच्छादन जरूर करा, पण रोपं ५-६ सेंटीमीटर झाल्यावर आणि पाचच सेंटीमीटर जाडीचं. आधी टाकलं तर कोंब खालीच दबतात. मुरमाड जमिनीत कोरड्या काडीकचऱ्याला वाळवी लागते हे खरं, पण ती आधी मेलेला काडीकचराच खाते. वाफा ओलसर ठेवला आणि आच्छादन बुंध्यापासून बोटभर लांब राखलं तर त्रास फारसा होत नाही. याचाच प्रयोग करा : एका वाफ्याच्या निम्म्या भागावर आच्छादन, निम्मा उघडा, बाकी बी, पाणी, दिवस सगळं सारखं. दुपारी दोनला ५ सेंटीमीटर खोलीवरचं तापमान रोज मोजा. पाऱ्याचा तापमापक नको, लाल द्रवाचा घ्या. वाळवी कुठल्या बाजूला दिसते तेही मुलांनीच लिहावं.

पाटीपेन्सिल

हिशेबाची वहीही मुलांकडे द्या. बी, खत, सुतळी किती रुपयांची आली आणि किती किलो भाजी कुठल्या भावाने पोषण आहारात गेली, हे चौथी-पाचवीला सहज जमतं. हातांनी काम करून शिकणं ही काही नवी कल्पना नाही, वर्ध्यात १९३७ साली गांधीजींची नयी तालीम मांडली गेली तेव्हापासून महाराष्ट्राला ती ठाऊक आहे. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या पाबळच्या (जि. पुणे) विज्ञान आश्रमाने आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातून एक दिवस प्रत्यक्ष काम असा अभ्यासक्रम बसवला आणि त्यात कामाचा खर्च काढणं हा अभ्यासाचाच भाग ठेवला. जमलं तर एकदा पाहून या.

भाव बाजारसमितीचा धरायचा की गावातल्या दुकानाचा, हे मुलांनाच ठरवू द्या. दोन्ही भाव फळ्यावर लिहून त्यांना फरकाचं कारण विचारा, आणि घरी शेती असलेल्या मुलांना आधी बोलू द्या.